खोक्यातील डबे आणि भंगारातील डबे

आपल्या समाजातील सुस्थित घरांतून अलीकडे एक नवा छंद रुजू लागला आहे. आगगाडीच्या, त्यातही विशेषतः प्रवासी डब्यांच्या, तंतोतंत प्रतिकृती विकत घ्यायच्या आणि त्यांचा संग्रह करायचा, असा हा छंद आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, पणजी अशा ठिकाणच्या दिवाणखान्यांतून काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले डबे आम्ही पाहिले आहेत. कोणाचा मुलगा जर्मनीत नोकरीला असतो, तो सुटीवर येताना दोन डबे घेऊन येतो. कोणी निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर लहानपणी राहून गेलेली हौस पुरवून घेतो. हौसेला मोल नसते असे म्हणतात. येथे मात्र ते चांगलेच असते. चांगल्या घडणीचा एक परदेशी डबा आज पाच-सहा हजार रुपयांच्या आत सहसा पडत नाही, आणि आयातकर व टपालखर्च वर द्यावा लागतो तो वेगळाच.

या छंदाविषयी आपल्यांत दोन मते आहेत. पहिले मत ज्येष्ठांचे. ‘साठीला आलेल्या माणसाने आगगाडीशी खेळावे, हा पोरखेळ आहे,’ असे ते म्हणतात. दुसरे मत संग्राहकांचे. ‘आम्ही आमच्या पैशाने घेतो, आम्हाला आनंद होतो, तुमचे काय जाते?’ असे ते विचारतात. आमचे भांडण या दोन्ही मतांशी आहे. पहिल्याशी थोडे आहे, दुसऱ्याशी बरेच.

प्रथम ज्येष्ठांचा आक्षेप पाहू. लहान आगगाडी म्हणजे खेळणेच, ही समजूत आपल्याच इतिहासाला धरून नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या टेबलावर धावणारी चांदीची गाडी कोणी पाहिली नाही? इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या कारखान्याने ती १९०६ साली घडवली. पाहुण्यांपुढे सुरया आणि विड्या-सिगारांचा सरंजाम फिरवण्याचे काम ती करीत असे, आणि एखाद्याने सुरई उचलली की गाडी थांबे. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. तेथे गेलेला माणूस त्या गाड्यांच्या मागची आयुष्यभराची मेहनत पाहून ‘खेळणे’ हा शब्द पुन्हा उच्चारणार नाही. जी वस्तू मोजून, तपासून, मूळ वस्तूशी ताडून घडवलेली असते, तिला खेळणे म्हणत नाहीत. मूर्तिकाराचा मातीचा नमुना किंवा स्थापत्यकाराने केलेली वाड्याची प्रतिकृती ज्या जातीची, त्याच जातीची ही वस्तू आहे.

तिच्यात काय काय असते, हेही पाहावे. चांगल्या डब्यात दाराच्या मुठी आणि धरावयाचे दांडे साच्यात नुसते उठवलेले नसतात, ते वेगळे घडवून बसवलेले असतात. छतावरचे वायुवीजक मोजून तितकेच असतात. डब्याखाली ब्रेकची नळकांडी, बॅटरीची पेटी, पाण्याचे नळ आपापल्या जागी असतात. काचेतून डोकावले तर आत बाके दिसतात, त्यांचा रंगही खरा असतो. दोन डब्यांमधील जोड अशी केलेली असते की सरळ रुळांवर डबे एकमेकांना जवळजवळ भिडून धावतात आणि वळणावर आपोआप थोडे दूर सरकतात. बाजूवर छापलेली अक्षरे भिंगाखाली वाचता येतात. असा डबा हाती घेतला की एका कारखान्याचे आणि एका काळाचे ज्ञान हाती आल्यासारखे वाटते. तेव्हा ज्येष्ठांनी या छंदाला हसू नये, एवढेच आमचे त्यांना सांगणे आहे.

संग्राहकांशी असलेले भांडण मात्र इतक्या सहज मिटणारे नाही.

आमचा पहिला आरोप असा की आपले संग्राहक खरेदी करतात, परंतु तपासत नाहीत. सरकारी नोकरीत आमची बरीच वर्षे खरेदीच्या कागदांत गेली. तेथे एक साधा नियम असे: माल नमुन्याबरहुकूम नसेल तर तो परत जातो. टेबल दोन इंच आखूड आले तर आम्ही ते स्वीकारीत नसू. आणि येथे हजारो रुपये मोजणारा गृहस्थ मोजपट्टी हातात घेत नाही! आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने मोठ्या शहरातील एका विक्रेत्याकडून ‘भारतीय द्रुतगती गाडीचे’ म्हणून सहा निळे डबे घेतले. निळा रंग आपला, वरची मराठी-हिंदी अक्षरे आपली. परंतु डबा मुळात युरोपातील, त्यावर नुसता रंग चढवलेला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार.

हा फरक कोणालाही मोजता येतो. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून स्विस सहकार्याने जे डबे बनू लागले आणि जे २०१८ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिले, त्यांची लांबी २१.३३७ मीटर आणि रुंदी ३.२४५ मीटर. युरोपातील गाड्यांचा प्रमाणित मोठा डबा २६.४ मीटर लांब आणि केवळ २.८२५ मीटर रुंद. सर्वांत जास्त प्रचारात असलेले प्रमाण १:८७ चे आहे, त्याला एचओ म्हणतात. त्या प्रमाणात आपला डबा २४५ मिलिमीटर लांब आणि ३७ मिलिमीटरांहून किंचित अधिक रुंद व्हावयास हवा. युरोपचा होतो ३०३ मिलिमीटर लांब आणि साडेबत्तीस मिलिमीटर रुंद. म्हणजे आपला डबा आखूड आणि ऐसपैस, त्यांचा लांब आणि अरुंद. शरीरयष्टीच वेगळी. त्यावर निळा रंग फासल्याने तो भारतीय कसा होईल? शिवाय आपल्या बिनवातानुकूलित डब्याची पहिली खूण म्हणजे खिडक्यांचे आडवे गज. ज्याने त्या गजांना कपाळ टेकवून घाट उतरताना पाहिला आहे, त्याला गज नसलेला डबा आपला म्हणून दाखवणे ही थट्टाच होय.

आणि रूळ? आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. १:८७ च्या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे असतात, कारण ते युरोपच्या १४३५ मिलिमीटरांच्या मार्गासाठी केलेले आहेत. म्हणजे आपली गाडी तेथे पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवर उभी राहते. खऱ्या मापात हा फरक २४१ मिलिमीटरांचा, जवळजवळ साडेनऊ इंचांचा आहे. रुंद अंगाचा डबा अरुंद रुळांवर उभा केला की तो धोतरावर बूट घातल्यासारखा दिसतो.

यावर उत्तर ठरलेले असते: ‘पावणेतीन मिलिमीटरांनी काय बिघडते? घरात येणाऱ्या पाहुण्याला ते कळणार आहे का?’ या प्रश्नातच आपल्या संग्राहकवृत्तीचे दैन्य आहे. ज्यांच्याकडून आपण हा छंद उचलला, त्यांनी असा प्रश्न विचारला नाही. ब्रिटनमध्ये गाड्यांचे प्रचलित प्रमाण १:७६ चे, परंतु रूळ मात्र तेच साडेसोळा मिलिमीटरांचे. म्हणजे त्यांच्याही गाड्या अरुंद रुळांवर उभ्या होत्या. तेथील साध्या छंदीष्टांना ते खपले नाही. काहींनी सव्वाअठरा मिलिमीटरांच्या आसपासचे रूळ स्वतः घालायला सुरुवात केली. त्यानेही समाधान न झालेल्यांनी १९६०च्या दशकात १८.८३ मिलिमीटर हे काटेकोर माप ठरवले, चाकांच्या कडा किती जाड असाव्यात इथपर्यंत नियम केले, आणि त्यासाठी मंडळे स्थापून सुटे भाग स्वतः तयार करविले. ही माणसे लक्षाधीश नव्हती. संध्याकाळी स्वयंपाकघरातील टेबलावर कानस घेऊन बसणारी ती मध्यमवर्गीय माणसे होती.

जर्मनीतील ग्राहकांचेही तसेच. घरगुती टेबलावरील वळणे तीव्र असतात, त्यावर ३०३ मिलिमीटरांचा डबा बाहेर झुकतो, म्हणून तेथील कारखाने वर्षानुवर्षे लांबी छाटून २६४ किंवा २८२ मिलिमीटरांचे डबे विकीत. चोखंदळ ग्राहकांनी पूर्ण लांबीचे डबे मागितले, आणि मागणी टिकून राहिली म्हणून कारखान्यांना ते द्यावे लागले. ग्राहक जसा असतो तसा माल येतो. आपण रंगवलेले डबे निमूटपणे घेत राहिलो तर विक्रेता खरे डबे का म्हणून घडवील? आपल्या देशातही मोजके कारागीर खऱ्या मापाचे भारतीय डबे घडवितात. त्यांचा माल हातघडणीचा, म्हणून वेळ लागतो आणि किंमतही थोडी अधिक पडते. तेथे मात्र आपले संग्राहक घासाघीस करतात. परदेशी खोक्यावर छापलेल्या किमतीपुढे मान तुकवणारा माणूस आपल्या कारागिरापुढे एकदम व्यवहारी होतो, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

आमचा दुसरा आरोप खोक्यांविषयी आहे. पुष्कळ संग्राहक डबा खोक्यातून बाहेरच काढीत नाहीत. खोके उघडले की किंमत उतरते, असे त्यांना कोणी तरी सांगितलेले असते. ‘मर्यादित आवृत्ती’ हे दोन शब्द वाचले की त्यांना ती वस्तू सोन्यासारखी वाटू लागते. या मंडळींना आम्ही एकच गोष्ट सांगू. १८५९ साली स्थापन झालेला जर्मनीचा मेर्कलिन हा या क्षेत्रातील सर्वांत नामवंत कारखाना. २००९ साली, म्हणजे नेमक्या दीडशेव्या वर्षी, त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढे तो सावरला आणि २०१३ साली दुसऱ्या उद्योगसमूहाने तो घेतला, ही गोष्ट वेगळी. परंतु ज्या व्यवसायाचा अग्रणीच असा डगमगू शकतो, त्या व्यवसायाच्या मालाला मुदतठेव समजणे शहाणपणाचे नाही. ज्यांना गुंतवणूक करावयाची आहे त्यांनी टपाल कार्यालयात जावे. डबा हा रुळावर ठेवण्यासाठी, निदान डोळे भरून पाहण्यासाठी असतो. न उघडलेल्या खोक्याचा संग्रह म्हणजे न वाचलेल्या ग्रंथांचे कपाट.

आता तिसरा आरोप. तो सर्वांत गंभीर आहे, आणि त्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. आपल्या घरांतील या कपाटांतून स्वित्झर्लंडचे डबे आहेत, जर्मनीचे आहेत, ब्रिटनचे आहेत. क्वचित राजधानी किंवा शताब्दीही आहे. परंतु ज्या गाड्यांनी आपली घराणी या मुलखांत जोडली, वाढवली आणि टिकवली, त्या गाड्यांचा एकही डबा आमच्या पाहण्यात आलेल्या कपाटांत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही स्थिती आहे.

या गाड्या कोणत्या? बडोद्याच्या वाचकांना आम्ही डभोईची आठवण देतो. खंडेराव गायकवाड महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. आरंभी त्यावर गाडी ओढीत ती बैलांची जोडी. भारतातील अरुंद मार्गांचा तो आरंभ होय. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई हे अशा मार्गांचे मोठे जंक्शन बनले. इंदूरच्या वाचकांना तुकोजीराव होळकरांची आठवण देतो. १८७० साली त्यांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, तेही एकशे एक वर्षांच्या मुदतीने, कर्जाऊ दिले. विंध्याच्या घाटातून पाताळपाणी-कालाकुंडवरून जाणारा तो मीटर मार्ग होळकरांच्या खजिन्यातून उभा राहिला. ग्वाल्हेरकरांना तर काय सांगावे! माधवराव शिंदे यांच्या हौसेतून निघालेली दोन फुटी रेल्वे पुढे भिंड, शिवपुरी आणि श्योपूरपर्यंत गेली. श्योपूरचा मार्ग सुमारे २०० किलोमीटरांचा. इतक्या अरुंद रुळांवर इतका लांब प्रवास जगात फार थोड्या ठिकाणी करता येत असे.

बेळगावकडे पाहावे तर १८८२ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या नावातच ‘सदर्न मराठा’ हे शब्द होते. १९०८ साली ती मद्रासच्या कंपनीशी एक झाली, तरी नावातील मराठा शब्द राहिला. त्या मार्गाला जोडून मुरगावचे बंदर १८८८ साली घाटावर आले, आणि गोव्यातील कितीतरी कुटुंबांचा लग्नकार्याचा, शिक्षणाचा, नोकरीचा रस्ता दूधसागरच्या धबधब्यासमोरून जाऊ लागला. हैदराबादेहून मनमाडकडे जाणारा निजामाचा मीटर मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. तेथील मराठी घरांचे माहेर-सासर त्यावरच सांधले गेले.

या मार्गांचे आज काय झाले? ग्वाल्हेरच्या भिंड व शिवपुरी या शाखा पूर्वीच गेल्या, आणि श्योपूरच्या अरुंद गाडीची वाहतूक २०२० साली थांबली ती कायमचीच. तेथे रुंद मार्ग घालण्याचे काम हाती घेतले गेले. डभोईचे मार्ग एकामागून एक रुंद होत गेले. २०२१ च्या जानेवारीत डभोईवरून केवडियापर्यंत रुंद मार्गाच्या गाड्या सुरू झाल्या. बेळगाव, गोवा, मनमाड येथील मीटर मार्ग त्याआधीच रुंद झाले होते. होळकरांच्या मार्गावरील पाताळपाणी-कालाकुंड या तुकड्यावर २०१८ च्या डिसेंबरात वारसा गाडी सुरू झाली, तेवढीच एक जमेची बाजू. रुंदीकरणाला आमचा विरोध नाही. श्योपूरच्या रुग्णाला किंवा विद्यार्थ्याला आपल्या आठवणींसाठी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरांच्या गाडीत बसवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मार्ग जावा, परंतु त्याचे माप राहावे, इतकेच आमचे मागणे आहे. रूळ उखडले की डबे बाजूला काढले जातात. एक-दोन प्रदर्शनासाठी ठेवले जातात, बाकीचे भंगारात तोडले जातात. खोक्यातील परदेशी डबे आपण जपतो आणि भंगारातील आपल्या डब्यांचे माप घ्यायलाही जात नाही.

येथे कोणी विचारील की या अरुंद गाड्यांच्या प्रतिकृती घडवणे अवघड असेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, आणि याचे आम्हाला सर्वांत अधिक वैषम्य वाटते. रुंद मार्गासाठी योग्य मापाचे रूळ तयार मिळत नाहीत, हे वर सांगितलेच. परंतु डभोईचा ७६२ मिलिमीटरांचा मार्ग १:८७ च्या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर होतो, आणि नऊ मिलिमीटरांचे रूळ एन या लहान प्रमाणासाठी जगभर तयार मिळतात. इंदूर, बेळगाव, मनमाड यांचा मीटर मार्ग साडेअकरा मिलिमीटर होतो, आणि बारा मिलिमीटरांचे रूळही मिळतात. ग्वाल्हेरचा दोन फुटी मार्ग फुटाला सोळा मिलिमीटर या मोठ्या प्रमाणात घेतला तर तो बरोबर बत्तीस मिलिमीटर होतो, आणि बत्तीस मिलिमीटरांचे रूळ तर शंभर वर्षांहून अधिक काळ बनत आले आहेत. म्हणजे आपल्या घरची गाडी राजधानीपेक्षा सोपी आहे! तिला अडचण रुळांची नाही, आपल्या इच्छेची आहे.

आणखी एक आक्षेप आम्ही ऐकला आहे: ‘हे संस्थानिकांचे कौतुक झाले, सामान्यांचा त्याच्याशी काय संबंध?’ हा आक्षेप बिनबुडाचा नाही. संस्थानांनी रेल्वे बांधली ती कापूस, धान्य, महसूल आणि प्रतिष्ठा यांसाठी. प्रजेच्या सहलीसाठी नव्हे. म्हणूनच आमचा आग्रह डब्यांचा आहे, आणि तोही तिसऱ्या वर्गाच्या डब्यांचा. इंजिनाचे फोटो सगळेच काढतात. महाराजांचे शाही डबे संग्रहालयांत जपले जातात. परंतु लाकडी बाकांचा, माणसांनी खच्चून भरलेला, छतालाही माणसे लोंबकळत असलेला डबा कोण जपणार? आपल्या आज्या लुगड्याच्या पदरात भाकरी बांधून ज्या डब्यातून आल्या, शिकायला निघालेली मुले वळकटी घेऊन ज्या डब्याच्या दारात बसली, तो डबा आपला इतिहास आहे. चांदीच्या गाडीत सुरया बसत असत, माणसे नव्हेत. आपण माणसे बसलेल्या गाडीचे वंशज आहोत.

महाराष्ट्रातील उदाहरणही द्यावेसे वाटते. १ जून १९३० रोजी मुंबई-पुण्यादरम्यान दख्खनची राणी धावू लागली, तेव्हा तिला सात-सात डब्यांचे दोन संच होते. सांगाडे इंग्लंडमध्ये आणि डब्यांचे अंग माटुंग्याच्या कारखान्यात तयार झाले. एका संचाचा रंग चंदेरी, त्यावर लाल पट्टे. दुसऱ्याचा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. आरंभी तिच्यात पहिला आणि दुसरा हेच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाला १९५५ साली प्रवेश मिळाला. १९६६ साली पेरांबूरचे डबे आले आणि २०२२ साली जर्मन बनावटीच्या धर्तीचे. एका गाडीच्या डब्यांत ब्याण्णव वर्षांचा सामाजिक इतिहास मावतो. कोणी हे तीन संच खऱ्या मापाने शेजारी शेजारी मांडले, तर कोणत्या वर्गाने केव्हा कोठे बसावे याविषयी एका व्याख्यानातून कळणार नाही इतके ते मांडणीतून कळेल. डबा असा वाचावयाचा असतो. तो विकत घेऊन काचेआड ठेवणे ही त्याची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

‘आता उशीर झाला,’ असे म्हणणारेही भेटतात. उशीर झाला आहे, हे खरे. परंतु अजून काही गोष्टी हाताशी आहेत. या मार्गांवर नोकरी केलेली माणसे आपल्याच घरांतून अजून आहेत. ती सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत. बाके लांबीला होती की आडवी, दाराचा खटका कोणत्या बाजूला सरके, तांबूस रंग केव्हा बदलला, दिवे किती आणि कोठे होते, हे त्यांना विचारले तर ते सांगतात. विचारले नाही तर ते कोणालाच सांगणार नाहीत. अनेक घरांतील जुन्या छायाचित्रांत, निरोपाच्या गर्दीमागे, डब्याची एक पूर्ण बाजू आलेली असते. आपण त्यात फक्त आत्याचा चेहरा पाहतो. माणसाची उंची माहीत असेल तर त्याच छायाचित्रावरून खिडकीची उंची काढता येते. प्रदर्शनासाठी ठेवलेले अरुंद डबे काही स्थानकांबाहेर आणि संग्रहालयांत उभे आहेत. मोजफीत, वही, कॅमेरा आणि लेखी परवानगी एवढ्यावर त्यांचे माप घेता येते. लेखी परवानगीविषयी आम्ही अनुभवाने सांगतो की अर्ज एका पानाचा, हेतू स्पष्ट आणि भाषा विनम्र असेल तर तो सहसा फेटाळला जात नाही. अर्जच न करता ‘सरकार काही करीत नाही’ असे म्हणणाऱ्यांची संख्या मात्र आम्ही नोकरीत फार पाहिली.

यास्तव आमची मागणी अशी. ज्या ज्या केंद्रात आपले मंडळ आहे, त्या त्या केंद्राने आपल्या जवळच्या एका मार्गाचा एक डबा पत्करावा. एकच. ग्वाल्हेरने श्योपूरचा, बडोद्याने डभोईचा, इंदूरने होळकरांच्या मार्गावरचा, बेळगाव आणि गोव्याने मिळून लोंढ्यावरून जाणाऱ्या मीटर गाडीचा, हैदराबादने मनमाडच्या गाडीचा. त्याची मापे घ्यावीत, आराखडा काढावा, आठवणी लिहून घ्याव्यात, आणि ते सर्व एका वहीत बांधून मंडळाच्या ग्रंथालयात ठेवावे. नंतर एखाद्या भारतीय कारागिराला, पूर्ण मोबदला देऊन, त्या आराखड्यावरून डबा घडवावयास सांगावे. दहा संग्राहकांनी वर्षभरात एक-एक परदेशी डबा कमी घेतला तर एवढा खर्च आरामात निघेल. तो डबा कोणाच्या खाजगी कपाटात न जाता मंडळाच्या सभागृहात राहावा, आणि शाळेतील मुलांना तो हाताळता यावा.

तोवर ज्यांना परदेशी डबे घ्यावयाचे आहेत त्यांनी खुशाल घ्यावेत; सौंदर्याला पारपत्र लागत नाही, आणि स्विस डबा स्विस म्हणून घेतला तर त्यात काहीही वावगे नाही. फक्त तीन पथ्ये पाळावीत. रंग फासलेला डबा भारतीय म्हणून घेऊ नये. घेण्यापूर्वी मोजपट्टी लावावी. आणि घेतल्यावर खोके उघडावे. ज्यांना एवढेही जड वाटते त्यांनी आपल्या खरेदीला संग्रह म्हणू नये; साठा म्हणावे. संग्रहाला ज्ञान लागते, साठ्याला केवळ कपाट पुरते.

वर सांगितलेल्या पाच मार्गांपैकी कोणाही मार्गाच्या डब्याची मापे, आराखडा किंवा बाजू स्पष्ट दिसणारे छायाचित्र ज्या वाचकांच्या घरी असेल, त्यांनी त्याची प्रत आपापल्या मंडळाच्या चिटणिसांकडे या तिमाहीतच पोचवावी. पुढील तिमाहीत त्यांपैकी काही माणसे कदाचित विचारायला उरणार नाहीत.